आधी आपल्या हातावर : नेल रॅपसाठी घरातली ऊब



संक्रांत आठवड्यावर आली. घराघरांत तीळ भाजल्याचा वास आहे, वाण काय द्यायचं याची खलबतं चालू आहेत आणि काळ्या साड्या कपाटातून बाहेर निघाल्या आहेत. आता रथसप्तमीपर्यंत आपल्या इंदुरात हळदीकुंकवाशिवाय एक संध्याकाळ जायची नाही. आणि हळदीकुंकू म्हटलं की सगळ्यांची नजर जाते ती हातांवरच. कुंकू लावणारा हात, वाण देणारा हात, तिळगूळ घेणारा हात.

म्हणूनच असेल, या वेळी दोघी-तिघी वाचक मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला आहे. "ताई, नखांवर चिकटवायचे ते नेल रॅप आणले. पाकिटावर लिहिलंय की गरम करून लावा. पण कशाने गरम करू? त्यासाठी वेगळं मशीन घ्यावं लागतं का?"

उत्तर एका ओळीत सांगायचं तर मशीनची गरज नाही, घरात आहे त्यातच काम होतं. पण घरात आहे ते सगळंच चालतं असं नाही, आणि हे मी आमच्याच घरात बघितलं आहे.

गेल्या संक्रांतीला भाची सुट्टीला आली होती. भोगीच्या दिवशी संध्याकाळी ती आरशासमोर नखं सजवत बसली. थंडी अशी की खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं. रॅप कडक झाले होते, चिकटेनात, कोपरे उचलले जात होते. तिने मेणबत्ती लावली आणि चिमट्याऐवजी बोटांतच रॅप धरून ज्योतीवर नेला. एका क्षणात तो आकसला, वितळला आणि बोटाला चिकटला. तिने हात झटकला, मेणबत्ती कलंडली, आणि शेजारी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस पडला होता, त्याने भक्कन पेट घेतला. जाऊबाईंनी तिळाच्या लाडवांच्या डब्याचं झाकण त्यावर उपडं दाबलं म्हणून पुढचं टळलं. बोटाच्या टोकाला फोड आला, टेबलावरचा काळा डाग अजून आहे.

त्या रात्री आमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तान्ह्या बाळाला ओव्याची पुरचुंडी शेकायची तर आई ती आधी आपल्या मनगटाला लावून बघते. इथे तुम्ही सरळ आगच लावलीत."

मला वाटतं, आजच्या लेखाचं सगळं सार यातच आहे. जी ऊब आपल्या मनगटाला सुखाने सोसवते, तेवढीच या कामाला लागते. त्याहून जास्त लागत नाही.

ऊब लागते कशाला?

नेल रॅप म्हणजे व्हिनाइलचा पातळ पापुद्रा, मागे गोंद. नख सपाट नसतं, दोन्ही बाजूंनी वळलेलं असतं. कडक पापुद्रा त्या वळणावर बसत नाही. जरा ऊब मिळाली की व्हिनाइल मऊ पडतं, गोंदही सैल होऊन नखाला नीट धरतो आणि गार झाल्यावर तिथेच घट्ट बसतो. उन्हाळ्यात हेच रॅप नुसत्या हाताच्या उबेने बसतात. थंडीत मात्र थोडी मदत करावी लागते.

पण आधी पाकीट नीट वाचा. बाजारात एकसारखी दिसणारी तीन तऱ्हेची पाकिटं असतात. व्हिनाइलच्या रॅपना ऊब लागते. दुसरी पट्टी खऱ्या नेलपॉलिशचीच असते, तिला ऊब लागत नाही. उलट उघडी राहिली किंवा तापवली तर ती वाळून तडकते. तिसरी अर्धवट वाळवलेल्या जेलची, तिला अतिनील किरणांचा छोटा दिवा लागतो. तो दिवा ऊब देण्यासाठी नसतो, किरणांनी जेल कडक करण्यासाठी असतो. व्हिनाइलच्या रॅपसाठी तो विकत घेऊ नका, पैसे वाया जातील.

काय वापरावं

हेअर ड्रायर. घरात असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. उष्णता सगळ्यात कमीवर, वारा सगळ्यात हळू. रॅप भुवया कोरायच्या चिमट्यात धरा, ड्रायर वीतभर लांब ठेवा, पाच-सहा सेकंद पुरे. रॅपची कड किंचित लवली की समजा झालं. बोटावर सरळ झोत मारायचा नाही, गरम करायचा तो रॅप. दहा नखांना सगळं मिळून ड्रायर चार मिनिटं चालला असं धरलं, तरी १००० वॅटच्या ड्रायरला एका युनिटचा पंधरावा भाग वीज लागते. म्हणजे खर्च जवळपास नाहीच. मात्र ड्रायर बाथरूममध्ये किंवा बेसिनपाशी नको, हात कोरडे हवेत, आणि मागची जाळी गादीवर किंवा शालीत दबली तर तो आतून तापतो हे लक्षात ठेवा.

तांदळाची पुरचुंडी. ड्रायर नसेल तर माझी पहिली पसंती हिलाच. जुन्या सुती धोतराच्या किंवा पंचाच्या फडक्यात वाटीभर कोरडे तांदूळ बांधा. तांदूळ आधी तव्यावर मंद आचेवर कोमट करून मग बांधले तरी चालतात. मायक्रोवेव्ह असेल तर तीस-तीस सेकंदांनीच तापवा, समोरून हलू नका, आणि फडक्याला चेन, बटण किंवा जर नको. फार तापले तर तांदूळ जळतात, फडकंही पेटू शकतं. पुरचुंडी मनगटाला लावून बघा, मग रॅप कागदासकट तिच्यावर दहा-पंधरा सेकंद ठेवा. रॅप नखावर बसवल्यावर वरून हीच पुरचुंडी हलकेच दाबली की कोपरेही बसतात. ऊब आणि दाब एकाच वेळी मिळतात हा हिचा मोठा फायदा. वाऱ्याने रॅप उडून जाण्याचीही भीती नाही.

गरम पाण्याचा पेला. आमच्या आजेसासूबाई तांब्यात निखारे घालून कपड्यांवर फिरवायच्या, त्या काळी इस्त्री तीच. त्याचीच ही सौम्य धाकटी बहीण. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी ओता, बाहेरून कोरडा पुसा, आणि रॅप कागदासकट पेल्याच्या अंगाला टेकवा. पाणी उकळतं नको. चहा ओतल्यावर चार-पाच मिनिटांनी पेला हातात धरवतो, तेवढं गरम पुष्कळ झालं. मुलींना शिकवायचं तर हा प्रकार बरा, कारण पाणी आपोआप निवत जातं, तापत जात नाही. पेला मात्र टेबलाच्या कडेला ठेवू नका.

गरम पाण्याची रबरी पिशवीही चालते, तिच्यावर रुमाल घालून. ज्यांच्याकडे जुना तारेचा बल्ब असलेला टेबललॅम्प आहे त्यांनाही तो वापरता येतो, कारण त्या बल्बला मिळणाऱ्या विजेतली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. पण काच फार तापते, रॅप तिला टेकवू नका. एलईडी दिव्यापुढे तासभर धरलं तरी काही होणार नाही.

बाजारात यासाठी छोटे हीटर मिळतात. ज्या घरी चार मुली आहेत आणि दर पंधरवड्याला हा कार्यक्रम होतो, त्यांनी हौसेने घ्यावा. वर्षातून दोन सणांना लावणाऱ्यांनी तेवढ्या पैशांत रॅपचीच आणखी पाकिटं घ्यावीत.

काय वापरू नये

मेणबत्ती, लायटर, गॅसची शेगडी आणि देवापुढचं निरांजन, यांपैकी काहीही नाही. ज्योतीची उष्णता शेकड्यांत मोजायची असते. व्हिनाइल तिथे मऊ न पडता वितळतं, जळतं आणि घशाला झोंबणारा धूर सोडतं. त्याहून मोठा धोका शेजारच्या बाटलीचा. रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं, आणि त्याची वाफ उणे २० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. आपल्या इंदुरी थंडीची त्याला काय पत्रास! ती वाफ हवेपेक्षा जड असते, दिसत नाही, टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत जाते. हात पुसायचं सॅनिटायझरही तसंच. म्हणून ड्रायर वापरतानासुद्धा नखं पुसून झाली की बाटलीला झाकण लावा, कापूस बाहेर टाका, दोन मिनिटं खिडकी उघडा, आणि मगच ड्रायर चालू करा.

कपड्यांची इस्त्री नको. सगळ्यात कमीवर ठेवली तरी ती या कामाला फार गरम. रॉडचा रूम हीटर नको, वाकून बसताना पदर आणि शाल त्याच्यावर जायला वेळ लागत नाही. हस्तकलेसाठी मिळणारी हीट गन दिसायला ड्रायरसारखी असली तरी तिचा झोत कित्येक पट गरम असतो, ती तर मुळीच नको.

एक हिशोब ध्यानात ठेवा. ६० अंशांचं पाणी साधारण पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजू शकतं. ५० अंशांना त्यालाच काही मिनिटं लागतात. दहाच अंशांचा फरक, पण त्यात हात मागे घ्यायला सवड मिळते की नाही हे ठरतं.

लावायचं कसं, थोडक्यात

नखांवर तेल-क्रीमचा अंश नको. रिमूव्हरने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रॅप नखापेक्षा केसभर अरुंद निवडा, कातडीवर चढला तर तिथूनच उचलला जातो. ऊब द्या, मुळापासून टोकाकडे दाबत बसवा, टोकाचा जास्तीचा भाग फायलरने वरून खाली एकाच दिशेने घासून काढा. शेवटी पुन्हा एकदा हलकी ऊब आणि अंगठ्याने दाब. त्यानंतर तासभर तरी भांडी-धुणं नको. हे मी लिहिते आहे खरं, पण तो तास घरातल्या कोणाकडून तरी मागून घ्यायला लागतो हे मलाही माहीत आहे. मागा.

काढताना ओरबाडू नका, नखाचा वरचा थर निघून येतो. कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं बोटं बुडवा, कोमट तेल चोळा, आणि बाजूने हळूहळू उचला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. उचललेल्या कोपऱ्याखाली पाणी साचून राहिलं तर नखाला संसर्ग होतो.

तरीही भाजलंच तर

आमच्याकडे त्या संध्याकाळी कोणी टूथपेस्ट आणायला धावलं, कोणी हळद, कोणी तूप. यातलं काहीच लावू नये, बर्फही नको. बोट नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. घड्याळ लावून धरा, कारण दोन मिनिटांत बरं वाटतं आणि आपण हात काढून घेतो. अंगठी-बांगड्या लगेच उतरवा, मागून सूज आली तर निघत नाहीत. चिकटलेलं व्हिनाइल ओढू नका. फोड फोडू नका. भाजलेलं मोठं असेल, खोल असेल किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांकडे जा.

आता शेवटचं. या वर्षी भाची पुन्हा येते आहे, आणि परवा सासूबाईंनीच विषय काढला. "त्या पोरीला सांग, मलाही एक-दोन लाव म्हणावं. लाल नको, मोतिया रंगाचे." मला इतकं हसू आलं आणि बरंही वाटलं. पण एक अडचण आहे. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या बोटांची जाणीव कमी झाली आहे. चहाचा गरम पेला त्या सहज धरून बसतात आणि कळत नाही. अशा माणसांच्या हाताला गरम वस्तू लावायचीच नाही. रॅप दूर धरून कोमट करायचा, आपल्या मनगटावर टेकवून बघायचा, मगच त्यांच्या नखावर ठेवायचा आणि नुसत्या अंगठ्याने दाबायचा. मधुमेह असणाऱ्यांच्या नखाभोवती जखम किंवा लाली असेल तर त्या वेळी हा बेतच रहित करायचा.

पुरचुंडी मनगटाला लावून बघायचं आम्हाला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासाठी आता आम्ही आमचं मनगट पुढे करणार. मोतिया रंगाचं पाकीट आणून ठेवलं आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला. पुढच्या वेळी भेटू या वाणात आलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांचं करायचं काय, या जुन्याच प्रश्नासह.