महापालिका शाळांच्या खोल्या संध्याकाळी कलावर्गांसाठी उघडा : मालाडकरांचे निवेदन

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
मालाड विभाग कार्यालय,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : महापालिका शाळांत संध्याकाळचे कलावर्ग सुरू करणे आणि मालाडच्या हंगामी सार्वजनिक कार्यक्रमांसाठी जागा व परवानगीची सोय करणे.

महोदय,

आम्ही मालाड पूर्व आणि पश्चिमेचे रहिवासी, पालक आणि गाणे, तबला, चित्रकला, लोकनृत्य शिकवणारे शिक्षक आपल्याला हे निवेदन सादर करीत आहोत. मालाडला नवे कलाकेंद्र बांधून मिळेल तेव्हा मिळो. ज्या वास्तू आज उभ्या आहेत त्यांची कुलपे संध्याकाळी उघडावीत, एवढेच आमचे मुख्य मागणे आहे.

आमच्या दक्षिणेला विलेपार्ल्यात महापालिकेचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह आहे, उत्तरेला बोरिवलीत प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. पार्ल्यात 1923 पासून लोकमान्य सेवा संघाचे काम चालू आहे, गोरेगावात 1972 पासून प्रबोधन या संस्थेचे. या शेजाऱ्यांचा आम्हाला अभिमानच आहे. पण मालवणीच्या गेट क्रमांक 5 वरच्या आठ वर्षांच्या मुलीला तबला शिकायला बोरिवलीला जायचे, तर आधी बस किंवा रिक्षाने मालाड स्टेशन, मग संध्याकाळी सहाच्या गर्दीची लोकल आणि रात्री तोच प्रवास उलटा. तिच्याबरोबर आईने किंवा वडिलांनी रोज जायचे, म्हणजे त्यांनी कामावरून लवकर सुटायचे. हे घडत नाही. मुलगी तबला शिकत नाही, आणि ती शिकली नाही याची नोंद कोठेही होत नाही.

एक प्रसंग आम्ही जवळून पाहिलेला आहे. कुरार परिसरात कोकणातून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. गणपतीच्या आधी त्यांची मुले जाखडी नाचाचा सराव करतात. जागा नसल्याने तो एका इमारतीच्या वाहनतळात चालत असे. मृदंग आणि घुंगरांचा आवाज वर घराघरांत जाई. रहिवाशांनी हरकत घेतली, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला विसावा हवाच. मग मुलांनी पायातल्या चाळांना जुन्या साडीची फडकी गुंडाळली आणि मृदंगाऐवजी मांडीवर थाप देत सराव केला. जाखडीचा सारा जीव पायाच्या ठेक्यात असतो. तो ठेका दाबून नाचणारी मुले पाहिल्यावर हे निवेदन लिहायचे ठरले.

त्याच वेळी हाकेच्या अंतरावरची शाळा अंधारात उभी असते. वर्ग सुटले की फाटक बंद. आत बाके आहेत, फळे आहेत, पंखे आहेत, मोठ्या शाळांत सभागृहही आहे. आमची मागणी अशी की सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी 6 ते 9 आणि शनिवार-रविवारी सकाळी प्रत्येक शाळेतल्या किमान दोन खोल्या व असल्यास सभागृह कलावर्गांसाठी राखून ठेवावे.

अशा योजना कागदावर मंजूर होतात आणि किल्लीपाशी अडतात, हा आमचा अनुभव आहे. एका शाळेत आम्ही रीतसर पत्र देऊन खोली मागितली होती. खोली द्यायला कोणाची ना नव्हती. पण किल्ली कोणाकडे राहील, वीज कोणाच्या खाती, काही मोडले तर भरपाई कोणी करायची, या तीन प्रश्नांना कोणाकडेच उत्तर नव्हते. दोन महिने फेऱ्या मारून आम्ही नाद सोडला. म्हणून आपल्या आदेशातच या गोष्टी स्पष्ट असाव्यात : किल्ली पहारेकऱ्याकडे राहील आणि त्याला जादा वेळेचे पैसे मिळतील, विजेचा खर्च महापालिका उचलेल, हार्मोनियम, तबले, रंगसाहित्य ठेवायला कुलूपबंद कपाट मिळेल, नासधूस झाली तर वर्ग चालवणारा गट जबाबदार राहील. ही जबाबदारी आम्ही लेखी घेण्यास तयार आहोत. मुलींची संख्या मोठी असणार, म्हणून जिन्यात व फाटकाशी दिवे आणि वापरता येईल असे स्वच्छतागृह या दोन बाबतींत तडजोड नको.

शिकवणाऱ्यांना मानधन द्यावे. कलेची सेवा म्हणून फुकट शिकवा, असे सांगणे सोपे असते. पण अशाने चांगला शिक्षक चार महिन्यांत निघून जातो. महापालिकेच्या शिक्षण विभागाची स्वतःची संगीत व कला अकादमी आहे. तिच्या शिक्षकांनी स्थानिक शिक्षकांची निवड करावी आणि अभ्यासक्रमावर देखरेख ठेवावी. एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी या वर्गांत व्हावी, कारण त्यांचे वाढीव गुण दहावीला मिळतात आणि खासगी शिकवणी परवडत नाही तेथे हा फरक मोठा पडतो.

आता हंगामी कार्यक्रमांविषयी. मालाडचे वर्ष कोरडे नाही. जानेवारीत एरंगळची जत्रा भरते, श्रावणात मढच्या कोळीवाड्यात नारळी पौर्णिमा होते, नवरात्रात भोंडला, दिवाळीत मुलांचे किल्ले, डिसेंबरात ऑर्लेम परिसरातला नाताळ. पण खाडीकडचे लोक कुरारचे कोकणी नमन-खेळे पाहत नाहीत आणि कुरारच्या मुलांना खाडीकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची मराठी कशी असते ते ठाऊक नसते. वर्षातून चार वेळा, ऋतूनुसार, महापालिकेच्या मैदानात किंवा उद्यानात एकेक दिवसाचा कार्यक्रम व्हावा आणि त्यात याच वर्गांतली मुले आणि याच वस्त्यांतले कलावंत असावेत. ‘माझी मुंबई’ बालचित्रकला स्पर्धा महापालिका उद्यानांमध्येच घेते. राणीच्या बागेतले फुलांचे प्रदर्शन पाहायला सारी मुंबई लोटते. म्हणजे अनुभव आहे, मनुष्यबळ आहे. उपनगराकडे थोडे वळवायला हवे.

परवानगीसाठी विभाग कार्यालय, पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस, अग्निशमन दल अशा फेऱ्या होतात. गणेशोत्सवाच्या मंडपांना महापालिका एक खिडकी पद्धतीने परवानगी देते; तीच सोय या कार्यक्रमांना द्यावी. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम आम्ही काटेकोर पाळू. आमचे कार्यक्रम नऊला संपतील.

महापालिका अधिनियम 1888 मध्ये कलम 61 आवश्यक कर्तव्यांचे आहे आणि कलम 63 ऐच्छिक कर्तव्यांचे. पाणी, गटारे, कचरा यांच्या आधी कलावर्ग येऊ शकत नाहीत, हे आम्ही जाणतो. त्याच गल्ल्यांत आम्हीही राहतो. पण शाळेची खोली उघडून देण्याने गटाराचे काम मागे पडत नाही.

आपण 30 दिवसांच्या आत आम्हाला बैठकीसाठी वेळ द्यावी आणि येत्या उन्हाळी सुट्टीपासून निदान दोन शाळांत, पूर्वेला कुरारमध्ये आणि पश्चिमेला मालवणीत, वर्ग सुरू करावेत, ही नम्र विनंती. शिकवायला तयार असलेल्या शिक्षकांची नावे, त्यांचे विषय आणि त्यांना सोयीच्या वेळा यांची यादी सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
मालाड पूर्व व पश्चिम येथील रहिवासी, पालक व कलाशिक्षक

प्रत माहितीसाठी : शिक्षणाधिकारी, महापालिका शिक्षण विभाग; उद्यान अधीक्षक, बृहन्मुंबई महानगरपालिका