अर्ध्या मिलिमीटरची गंमत

मुलांनो, एका पेनाचं टोपण दुसऱ्याला लावलं आणि खिशात शाई सांडली, असं झालंय ना कधी?

सायकलच्या ब्रेकची रबरं चाकाची कड धरतात. मोटारीत चाकाबरोबर फिरणारी चकती धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. इंग्लंडमध्ये १९७६ पर्यंत बनलेल्या ट्रायम्फ टीआर-६ गाडीचे आधीचे आणि नंतरचे कॅलिपर दिसायला जुळे भाऊच! पण ब्रेकतेलाची नळी बसते तिथले आटे वेगळे. आधीच्यात ३/८ इंच, म्हणजे सुमारे ९.५ मिलिमीटर, नंतरच्यात १०. जुन्या नळीचा नट नव्यात फिरतो, बसल्यासारखा वाटतो. पण ब्रेक जोरात दाबला की निसटू शकतो. मग गाडी थांबणार कशी? म्हणून आधी मोजायचं, मगच बसवायचं. टोपणाचंही तसंच, बरं का!