पैसे कधी सुटणार?

महाराष्ट्रात धंदा सुरू करायला आज पैसा मिळतच नाही, असे म्हणता येणार नाही. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, मुद्रा कर्ज २०१५ पासून, आणि राज्याचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. अण्णासाहेब पाटील महामंडळ व्याजाचा परतावा देते. आधीचे मुद्रा कर्ज नीट फेडलेल्यांसाठी मर्यादा दहावरून वीस लाखांवर नेण्यात आली. मंजुरीपत्रांचे वाटप मंत्र्यांच्या हस्ते होते, त्याचे फोटो छापून येतात. आमच्याही पानांवर येतात. फोटोतल्या त्या तरुणाचे वर्कशॉप पाच वर्षांनी चालू आहे का, हे पाहायला मात्र कुणी फिरकत नाही. शटर खाली आलेच असेल, तर ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य तयार असते. आमच्या मते हा सारा दोष धाडसाच्या अभावावर ढकलणे ही सोयीची पळवाट आहे. चालत्या, ऑर्डरींनी भरलेल्या वर्कशॉपचा गळा आवळते ती थकलेली बिले.

भोसरी घ्या, सातपूर घ्या, वाळूज किंवा हिंगण्याची औद्योगिक वसाहत घ्या. समजा, दोन व्हीएमसी (संगणकनियंत्रित मिलिंग) मशिन आणि आठ माणसांवर चालणारे एक वर्कशॉप मोठ्या कंपनीला महिन्याला दहा लाखांचे सुटे भाग पुरवते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल ११ लाख ८० हजारांचे. पैसे १२० दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी चार महिन्यांची बिले, ४७ लाख २० हजार रुपये, बाहेर अडकलेले. एवढी रक्कम १२ टक्क्यांच्या कर्जावर पेलायची, तर महिन्याचे व्याजच ४७ हजार. आठ टक्के नफा धरला तर हातात ८० हजार येतात. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा बँकेचा. हेच पैसे ४५ दिवसांत आले असते, तर बाहेर राहिले असते १७ लाख ७० हजार आणि व्याज झाले असते १७ हजार सातशे. माल तोच, मशिन तीच, माणसे तीच.

आता खरी मेख पाहा. कंपनी या उद्योजकावर खूश होऊन ऑर्डर दुप्पट करते. घरी पेढे वाटले जातात. पण दुप्पट ऑर्डर म्हणजे बाहेर आणखी ४७ लाख. पोलाद रोखीने किंवा जेमतेम महिन्याच्या उधारीने येते, पगार सात तारखेला द्यावे लागतात, वीजबिल थांबत नाही. बँकेकडे जावे, तर ९० दिवसांपेक्षा जुनी येणी बँक सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे उचलीच्या मर्यादेत, धरत नाही. अर्थात पैसे जितके उशिरा येतात, तितकी कॅश क्रेडिटची उचलही आक्रसते. शिवाय हप्ता ९० दिवस थकला, की उद्योजकाचे स्वतःचे खाते अनुत्पादित ठरते. त्याचे बिल १२० दिवस थकवणाऱ्या कंपनीचे रेटिंग मात्र शाबूत. धंदा मंदीने बुडतो हे सगळ्यांना कळते. तो वाढल्यामुळेही बुडतो, हे औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांनाच ठाऊक असते.

त्यात कराची तऱ्हा वेगळीच. जीएसटी भरायचा तो बिल फाडले की, पैसे आल्यावर नव्हे. पुरवठादार पुढच्याच महिन्यात खिशातून कर भरतो आणि खरेदीदार त्या बिलावरचे क्रेडिट घेऊन मोकळा होतो. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट परत करावे लागते, एवढीच अट. म्हणजे आठ माणसांच्या वर्कशॉपने हजारो कोटींच्या कंपनीला बिनव्याजी उसनवारी द्यायची आणि वर सरकारलाही आगाऊ द्यायचे. सेवाकराच्या काळात ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या सेवा-व्यावसायिकांना पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती. ती जीएसटीत का आली नाही, याचे पटण्याजोगे उत्तर कुणी दिलेले नाही.

कायदा नाही असे नाही. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा वाचला तर तो लघुउद्योजकाच्या नातेवाइकानेच लिहिला असावा असे वाटते. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असेच मानले जाते. तक्रारीसाठी सुविधा परिषद, तिने ९० दिवसांत निकाल द्यायचा आणि त्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल आल्यापासून तक्रार घरबसल्या करता येते.

पण ती करतो कोण? ज्याला त्या कंपनीच्या गेटमधून पुन्हा आत जायचे नाही, तो. बाकीच्यांचे दिवस परचेस विभागाला फोन करण्यात जातात आणि उत्तरे ठरलेली असतात. माल स्टोअरमध्ये उतरला, पण जीआरएन (माल मिळाल्याची पोच) निघालेला नाही. जीआरएन निघाला, पण क्वालिटीने अडवून ठेवलाय. सगळे झाले, पण साहेब सहीला बसले नाहीत. ‘पुढच्या आठवड्यात नक्की सुटेल’. फार लावून धरले, तर बिलातून रक्कम कापणारी एखादी डेबिट नोट येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याची ८० टक्के उलाढाल एकाच गिऱ्हाइकावर उभी आहे, त्याने भीड सोडून जायचे कुठे? यंत्रमागाच्या इचलकरंजीतही हेच : पेमेंट धारा, म्हणजे बिल चुकते करण्याची मुदत, किती दिवसांचा असावा यावर वर्षानुवर्षे बैठका झडतात. त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला असतो मजुरीवर कापड विणून देणारा खर्चीवाला. त्याच्याकडे ना माल, ना भाव ठरवण्याची ताकद.

ही अडचण ओळखूनच २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३-बी (एच) हे कलम घातले. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत तो खर्च करासाठी वजा मिळणार नाही. २०२४ च्या आरंभी बाजारपेठांत केवढा गहजब झाला! व्यापारी संघटनांनी मुदतवाढ मागितली, काही खरेदीदारांनी पुरवठादारांना लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणीच रद्द करा असे सुचवले. इतका आरडाओरडा झाला, याचाच अर्थ औषध लागू पडत होते. मात्र त्यात एक भोक राहिले. वजावट ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी मिळतेच. मग मे महिन्यातले बिल फेब्रुवारीत दिले, तरी ३१ मार्चच्या आत हिशेब जुळतो आणि खरेदीदाराला या कलमाची झळही बसत नाही. कायदा जागा असतो तो फक्त मार्चमध्ये. शिवाय मध्यम उद्योग या कलमाबाहेर आहेत आणि घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती.

बिलांवर आधीच पैसे उचलता यावेत म्हणून ‘ट्रेड्स’ हे मंच आले. अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांनी ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करावी, असा आदेशही निघाला. पण नोंदणी करणे वेगळे आणि पुरवठादाराचे बिल तिथे मान्य करणे वेगळे. मान्यतेची सक्ती नाही. त्यामुळे अनेक नोंदण्या नुसत्या पाटीसारख्या टांगलेल्या राहू शकतात.

आणि सरकार? थकलेल्या बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदारांना २०२५ मध्ये रस्त्यावर यावे लागले. कामाच्या कंत्राटांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण नाही, असे निवाडे असल्याने त्यांना ती वाटही बंद. एका हाताने अनुदान वाटायचे आणि दुसऱ्या हाताने बिले दाबून ठेवायची, हे उद्योगस्नेही म्हणवणाऱ्या राज्याला शोभत नाही.

वेगळा मार्ग नसतो असे नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याच लिज्जतने पुढे वणाईचे, म्हणजे पापड लाटण्याचे, पैसे सभासद बहिणींना रोजच्या रोज द्यायचे आणि वितरकाकडून माल उचलताना रोख घ्यायची, ही शिस्त धरली. रोज द्यायचे म्हणून रोज घ्यायचे. लिज्जतच्या यशात स्त्रीशक्तीचे गोडवे सगळेच गातात. या रोकड-शिस्तीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. अर्थात पापडाची मागणी घरोघरी विखुरलेली असते. गिअरबॉक्सच्या सुट्या भागाला एकच गिऱ्हाईक असते आणि रोखीचा हट्ट तिथे चालत नाही. तरीही नव्या उद्योजकाने पहिल्या ऑर्डरआधी उद्यम नोंदणी करावी, खरेदी आदेशावर (पीओ) पैशांची मुदत लिहून घ्यावी आणि दुसरे गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय तिसरे मशिन घेऊ नये. प्रकल्प अहवालात ‘येणी : ३० दिवस’ असे लिहून देणाऱ्या सल्लागाराला ते कुठून आणले, हे जरूर विचारावे.

सरकारने करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. सूक्ष्म उद्योगांना पैसे आल्यावर जीएसटी भरू द्या. आयकराची वजावट वर्षाच्या नव्हे, प्रत्येक बिलाच्या मुदतीशी बांधा. ‘ट्रेड्स’वर पोचलेले बिल ठरावीक दिवसांत नाकारले नाही, तर मान्य धरा. आणि तक्रारीचे ओझे पुरवठादाराच्या डोक्यावरून काढा. त्याची सोय तर झालेलीच आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे ४५ दिवसांहून अधिक थकवणाऱ्या कंपन्यांना २०१९ पासून दर सहामाहीला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे विवरण द्यावे लागते : कुणाचे, किती, का. एप्रिल ते सप्टेंबरचे विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत, उरलेल्या सहामाहीचे ३० एप्रिलपर्यंत. थकबाकीदाराने स्वतःच सहीनिशी दिलेली ही यादी सुविधा परिषदांकडे पाठवायला आणि त्या नावांना थेट नोटिसा काढायला कुणा लघुउद्योजकाला आपले गिऱ्हाईक पणाला लावावे लागणार नाही.