शेवटच्या आजारात आपल्या माणसाजवळ कोण बसतं?

'आध्यात्मिक काळजी' हा शब्द ऐकला की आपल्यातले बरेच जण नाक मुरडतात. शब्दातच आत्मा आहे, आणि आत्मा तर आपण १९५६ सालीच नाकारला. ठीक. पण शब्द नाकारून प्रश्न संपतो का? माझ्या जगण्याला काही अर्थ होता का, कुणाचं देणं राहिलं का, माझ्यामागे पोरांचं काय? बरा न होणारा आजार झालेला माणूस हे विचारतोच. बौद्ध माणूसही विचारतो. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराच्या कळांबरोबर या दुखण्यालाही वेदनेतच धरलं होतं.

आमच्या वस्तीतल्या एका मावशींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. नामांतराच्या लढ्यात जेल पाहिलेली बाई. दवाखान्यात एक सेवाभावी बाई त्यांच्या पलंगापाशी बसून म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं भोगून संपवायचं असतं, मावशी. नामस्मरण करा." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या मावशी गप्प राहिल्या. आम्हाला संताप आला. गरिबाच्या दुःखाचा दोष त्याच्याच मागच्या जन्मावर टाकला की समाज आणि सरकार मोकळे होतात, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्ट केलं आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला तपासणीसाठी एक दिवसाची सुट्टी मिळाली नाही, म्हणून आजार उशिरा कळला. हे कर्म कुणाचं?

पण मग लाजही वाटली. त्या बाई रोज यायच्या. आम्ही दोनदा गेलो होतो, एकदा रक्तदाते घेऊन आणि एकदा फळं घेऊन.

माणूस गेल्यावर आपल्याकडे सगळं तयार असतं. वंदना, पुण्यानुमोदन, शोकसभा, माईकवर तासभर भाषणं. तो जिवंत असताना त्याचं ऐकायला मात्र कुणाकडे तास नसतो, आणि ती रिकामी जागा कर्मविपाकवाले भरतात.

खरं तर धम्मात याचं उदाहरण आहे. अंगुत्तर निकायात नकुलपिता गंभीर आजारी पडतो, तेव्हा नकुलमाता त्याला सांगते की काळजी घेऊन मरू नका. मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी मुलांना सांभाळीन, शीलही सोडणार नाही. तिने आधी नवऱ्याला काय खातंय ते ओळखलं, मग बोलली. पुढे तो बरा झाला आणि बुद्धांनी तिची प्रशंसा केली. यात देव कुठे आहे?

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडलं की म्हाताऱ्या माणसाचं जुनं उगाळणं म्हणजे भ्रमिष्टपणा नव्हे. तो आयुष्याचा हिशेब लावत असतो. कॅनडात हार्वी चोचिनोव यांच्या पद्धतीत अशा रुग्णाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून, लिहून, त्याला वाचून दाखवतात आणि घरच्यांना देतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून, त्यांचं ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केलं, तेही १९८९ मध्ये.

फक्त आजाऱ्याजवळ इतिहास गोळा करायला जाऊ नये. ही चूक आम्ही केली आहे. (आणि आधी कळा थांबल्या पाहिजेत. २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर मॉर्फिनची वाट सोपी झाली आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागणं हेही याच कामात येतं.) आम्ही मोबाईल सुरू करून मावशींना १९७९ च्या लाँग मार्चबद्दल विचारलं. त्या दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "मी शिका शिका म्हणत गावं पालथी घातली, अन् धाकट्यांना सांभाळायला माझीच पोर सातवीतून काढली."

ती पोर, आता पन्नाशीची, उशाशी पेज घेऊन बसली होती. आम्ही मोबाईल बंद केला. मायलेकी बराच वेळ बोलल्या, थोड्या भांडल्याही. आम्ही काहीच बोललो नाही, आणि त्या दिवशी तेवढंच बरोबर केलं.

आता आमच्याकडे रविवारच्या वंदनेनंतर दोघं-दोघं आजारी माणसांकडे जातात. फळं नेली तरी चालतात, भाषण चालत नाही. बायका जास्त येतात. पुरुष कार्यकर्ते रिक्षा लावून देतात आणि बाहेर थांबतात. आत आलेल्यांनाही वीस मिनिटांच्या वर गप्प बसवत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. सवय करतो आहोत.