पाच हजारांची पावती आणि सांबाराची पिशवी

परवा रविवारी नात आली म्हणून इडली आणायला निघालो. सौ.ने नेहमीप्रमाणे कडीचा डबा आणि सांबारासाठी फिरकीचा डबा हातात दिला. हॉटेलातला पोरगा डबे बघून हसला. "काका, पार्सल पॅक करून तयारच असतं." मी म्हटलं, "मग यात ओत की!" त्याने खरंच तसं केलं. प्लॅस्टिकचा डबा, सांबाराची पिशवी, चटणीची पिशवी, चमचे... सगळं माझ्या डोळ्यांदेखत टोपलीत! डबे नेऊन मी काय मिळवलं? कचरा घरी न आणता तिथेच टाकून आलो, एवढंच.

त्याच रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना मागे पातळ पिशव्यांपायी पाच हजारांची पावती फाटली होती. त्या रडवेल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. हॉटेलच्या फळीवर मात्र डब्यांची चळत तशीच उभी.

कायदा नाही असं नाही हो. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ला अधिसूचना काढली. हॉटेलातून अन्न बांधून द्यायचे प्लॅस्टिकचे डबे त्या यादीत होते. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्राने ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी घातली; पण पार्सलचा झाकणाचा डबा त्या यादीत आलाच नाही. म्हणजे चमचा गुन्हेगार आणि डबा साव!

पुतण्या म्हणतो, "काका, कायद्याने काय होणार? प्रबोधन हवं." अरे बाबा, मी तीस वर्षं प्रबोधनच केलं. पण मुलं वेळेवर यायची ती माझ्या सुविचारांमुळे नव्हे, घंटेमुळे! शिवाय इथे तर मी सुधारलेलाच होतो, डबा घेऊनच गेलो होतो. अडलं ते हॉटेलात.

म्हणून कायदा हॉटेलवाल्याला धरून हवा. बसून खाणाऱ्याला धुता येतील अशीच भांडी. गिऱ्हाईकाने डबा आणला तर पदार्थ थेट त्यातच, आणि पार्सलचे पैसे घ्यायचे नाहीत. डबा नसेल तर अनामत घेऊन स्टीलचा द्या, परत आणला की पैसे परत. जर्मनीत २०२३ पासून मोठ्या उपाहारगृहांना पार्सलसाठी पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्याचा पर्याय ठेवावाच लागतो. आणि जर्मनी कशाला, मुंबईचे डबेवाले शंभराहून अधिक वर्षं रिकामा डबा बिनबोभाट घरी पोचवताहेत!

"खर्च वाढेल," असं हॉटेलवाले म्हणतील. खर्च आजही होतोच, फक्त तो त्यांच्या वहीत दिसत नाही. कचरा उचलायचे पैसे तुमच्याआमच्या घरपट्टीतून जातात आणि त्या आंबलेल्या सांबाराच्या पिशव्यांत हात घालतात सफाई कामगार. २६ जुलै २००५ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्या सापडल्या. त्याचीही किंमत कुणीतरी मोजलीच ना?

असो. पुढच्या रविवारी आदल्या रात्रीच हॉटेलात सांगून येणार आहे : माझं पार्सल बांधू नका. तुम्ही मंडळी डबा नेता का? आणि तो भरून मिळतो का? जरूर कळवा.