माईकवाल्याचा दोष किती?

धानाची कापणी आटोपली, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर गावोगाव मंडप पडू लागतात. मंडई असो की शंकरपट, रात्री नाटक हवेच. वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या संध्याकाळी गावात शिरल्या, की लेकीबाळी, पाहुणेरावळे सगळे मंडपाकडे निघतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. 2023 साली गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दखल देशाने घेतली.

नट, गायक, लेखक यांच्याविषयी आपण पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या सर्वांचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या कानापर्यंत नेणारा जो माणूस मंचाच्या बाजूला बसलेला असतो, त्याची आठवण आपल्याला केव्हा होते? आवाज बंद पडला म्हणजे! माझे काका असे एक माईकवाले आहेत. म्हणून हा लेख.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. एका गावी एकाच रात्री दोन नाटके होती. दोन मंडळांचे पटत नव्हते, म्हणून दोन मंडप. अंतर फार तर दोनशे पावलांचे. काकांच्या मंडपात सामाजिक नाटक चालू होते. मुलीची पाठवणी करताना बापाला बोलवत नाही, असा प्रसंग. मंडपात बाया पदराने डोळे पुसत होत्या. बापाने तोंड उघडले आणि आमच्या कर्ण्यातून शेजारच्या मंडपातल्या खलनायकाचे गडगडाटी हास्य बाहेर पडले! मागोमाग शीळ, खरखर, आणि पुन्हा तेच हास्य. लोक हसले, काहींनी शिट्ट्या मारल्या. तो नट बिचारा हात जोडून उभा राहिला.

रात्री हिशेबाच्या वेळी मंडळाने काकांच्या मालकाचे पैसे कापले आणि मालकाने काकांची मजुरी कापली. “माईकवाला पिऊन होता,” असे कोणीतरी बोलले. काका दारूला शिवत नाहीत. सकाळी घरी आल्यावर त्यांनी खोक्यातली पुस्तिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “बाई, तू कालेजात जातेस ना? मंग यात का लिवला आहे तेवढा वाचून सांगजो.”

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझे विषय मराठी, इतिहास आणि राज्यशास्त्र. पुस्तिका इंग्रजीत. शब्दकोश घेऊन मी चार रात्री बसले, आपल्या ग्रंथालयातले पदार्थविज्ञानाचे पुस्तकही चाळले. जे कळले ते असे.

बिनतारी माईक म्हणजे एक छोटे आकाशवाणी केंद्रच होय. नटाच्या कमरेची डबी प्रक्षेपण करते आणि मंचाजवळचा ग्राहकसंच ते पकडतो. प्रत्येक जोडीची कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ठरलेली असते. एका कंप्रतेवर एका वेळी एकच माईक चालू शकतो. दोन आले तर ज्याचा संदेश जोरकस तो बोलतो आणि दुसरा दबतो. दोघे तुल्यबळ असले तर नुसती खरखर आणि शीळ. त्या रात्री दोन्ही मंडपांतले संच एकाच बनावटीचे होते आणि कारखान्यातून आले तसेच लावलेले होते. काकांच्या संचासमोरून नटांची गर्दी गेली, आमच्या डबीचा संदेश अडला आणि शेजारचा खलनायक आत शिरला. माणसाचे शरीर या लहरी अडवते, हे मला तेव्हाच कळले.

पण कंप्रता वेगवेगळ्या ठेवल्या की झाले, असेही नाही. दोन डब्या जवळजवळ आल्या, की त्यांच्या लहरींच्या मिश्रणातून नव्या, कोणी न मागितलेल्या लहरी जन्मतात. पहिल्या कंप्रतेची दुप्पट करून दुसरी वजा करा, तेथे एक. दुसरीची दुप्पट करून पहिली वजा करा, तेथे दुसरी. एक माईक 600 मेगाहर्ट्झवर आणि दुसरा 601 वर असेल, तर 599 आणि 602 वर ही भुते उभी राहतात. तिसऱ्या नटाचा माईक नेमका 602 वर असला तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. पहिल्या दोघांची बेरीज करून त्यातून तिसरा वजा केला, तरी आणखी भुते निघतात. चार माईक असले तर अशी 24 आणि आठ असले तर 224!

म्हणजे 600, 601, 602, 603 अशी सरळ शिडी लावणे सर्वांत वाईट. नियम असा, की कोणत्याही दोन माईकांमधले अंतर दुसऱ्या कोणत्याही दोहोंमधल्या अंतराइतके असू नये. 600, 601, 603, 607 घ्या. अंतरे येतात 1, 2, 3, 4, 6 आणि 7. एकही दोनदा येत नाही, म्हणून यांची भुते यांच्यातल्या कोणाच्याच डोक्यावर बसत नाहीत. कागदावर मांडून पाहावे; चौथीचे गणित आहे. चांगल्या संचांत हा हिशेब कारखान्यानेच करून ‘ग्रुप’ आणि ‘चॅनल’ अशी विभागणी दिलेली असते. एका बनावटीच्या सर्व संचांवर ग्रुप एकच ठेवायचा आणि चॅनल प्रत्येकाचे वेगळे. आपण मात्र तीन जणांकडून तीन तऱ्हेचे संच भाड्याने आणतो आणि तो हिशेब मोडून टाकतो.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. ग्राहकसंच मंचाच्या जवळ, माणसांच्या डोक्याच्या वर, त्याच्या दांड्यांना मंच दिसेल असा ठेवावा. आधी आपल्या सर्व डब्या बंद करून नुसते ग्राहकसंच चालू करावेत; एखाद्यावर संदेश दिसला तर त्या जागी आधीच कोणी आहे असे समजून जागा बदलावी. मग एकेक डबी चालू करावी आणि पहिली बंद न करता दुसरी तपासावी. प्रत्येक प्रयोगाला ताजी बॅटरी घालावी. आणि मुख्य म्हणजे शेजारी मंडप असेल तर दुपारीच जाऊन विचारावे, “तुमचे माईक कोठे लावले?”

हा प्रश्न त्या गावात कोणी विचारला नाही. दोन मंडळे एकमेकांशी बोलत नव्हती, तर त्यांचे माईकवाले कसे बोलणार? गावातली तेढ आकाशात गेली आणि त्याचा दंड माझ्या काकांनी भरला.

काही जुनी मंडळी म्हणतात, “वरून टांगलेल्या माईकवर आम्ही रात्री गाजवल्या, ही डब्यांची थेरे कशाला?” त्यांच्या कमावलेल्या आवाजाला माझा नमस्कार. पण टांगलेल्या माईकखाली येऊनच बोलावे लागते. कोपऱ्यात बसून हुंदका देणाऱ्या नटीचा हुंदका तेथेच राहतो. मला बिनतारी माईक हवेत; मात्र मिरवण्यासाठी आठ नकोत, हिशेबाने लावलेले चार हवेत, आणि टांगलेले तारेचे माईक आधाराला तसेच ठेवावेत.

दुसरा आक्षेप माझ्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींचा. “हे विज्ञान शाखेचे काम, तुला कशाला?” मला हे पटत नाही. त्या पुस्तिकेत विज्ञानापेक्षा इंग्रजीची अडचण मोठी होती. काकांना हिशेब येतो. माझ्याहून चांगला येतो. त्यांना भाषेने अडवले. मग भाषा शिकणाऱ्या आम्हा मुलांचे काम दुसरे काय? मराठीत लिहिलेला दोन पानांचा कागद प्रत्येक माईकवाल्याच्या पेटीत असता, तर कितीतरी जणांची मजुरी वाचली असती.

आपल्या स्नेहसंमेलनातही गेल्या वर्षी एकांकिकेच्या ऐन रंगात दोन माईक भांडले आणि आपण सगळे माईकवाल्यावर ओरडलो. मीही ओरडले होते. ते आता आठवले की लाज वाटते. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे, की पुढच्या संमेलनाआधी पदार्थविज्ञान आणि मराठी या दोन विभागांनी मिळून अर्धा दिवस या कामासाठी द्यावा. परिसरातल्या माईकवाल्यांना बोलवावे, आणि पाहुणे म्हणून नव्हे, तर आम्हाला शिकवायला बोलवावे. रात्रभर जागून जे त्यांना कळले आहे, ते कोणत्याही पुस्तिकेत नाही.

मी केलेला मराठी कागद काकांनी जाड पुठ्ठ्याला चिकटवून पेटीत ठेवला आहे. या हंगामात ते एका गावी शेजारच्या मंडपात स्वतः गेले, चहा प्यायले आणि कंप्रता वाटून आले. त्या रात्री आमच्या बापाची पाठवणी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. मजुरी पूर्ण मिळाली.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग दोन