नाव आपले, भिंग कोणाचे?

चष्म्याच्या पारदर्शक काचेतून समोरचा रस्ता दिसावा आणि त्याच काचेवर दिशादर्शक बाण उमटावा, ही आता निव्वळ कल्पना राहिलेली नाही. लढाऊ वैमानिकापुढे अशी काच कित्येक दशकांपासून आहे; ‘तेजस’साठी ती चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केली. मात्र तीच सोय हलक्या चष्म्यात आणायची, तर जाड भिंगे निरुपयोगी ठरतात. तेथे केसाहून पातळ थरानेच प्रकाश वळवावा लागतो.

या थरात द्रव-स्फटिकांचे रेणू ठिकठिकाणी निरनिराळ्या कोनांत मांडलेले असतात. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश त्यातून जाताना त्याची कला रेणूंच्या कोनानुसार बदलते आणि किरण एका बाजूस वळतो. ध्रुवणाचा फेर उलटवला की तो विरुद्ध बाजूस जातो. यंत्राचा एकही भाग हलवावा लागत नाही.

या किमयेच्या मुळाशी असलेले तत्त्व शिवरामकृष्णन पंचरत्नम् यांनी १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत मांडले. निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे जवळजवळ विस्मृतीत गेला. १९६९ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, पंचरत्नम् ऑक्सफर्ड येथे निवर्तले. १९८४ साली ब्रिटनचे मायकेल बेरी यांनी पुंजयामिकीत तशीच संकल्पना मांडली, तेव्हा शिवराज रामशेषन व राजाराम नित्यानंद यांनी या जुन्या निबंधाकडे जगाचे लक्ष वेधले. बेरी यांनीही पंचरत्नम् यांचे श्रेय मोकळेपणाने मान्य केले. आज अशी भिंगे ‘पंचरत्नम्-बेरी’ याच नावाने ओळखली जातात. हेच नित्यानंद पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.

या नावाचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अभिमानाने भिंग घडत नाही. ज्याच्या हाती भिंग, त्याच्याच हाती किंमत आणि अटी. उद्या सैनिकाच्या शिरस्त्राणात आणि शल्यविशारदाच्या चष्म्यात हीच काच असेल, तेव्हा आपण केवळ गिऱ्हाईक असावे काय?

पुण्यात पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, ‘आयसर’ आणि ‘सी-मेट’ या संस्था जवळजवळ आहेत. भोसरीत सूक्ष्म यंत्रकामाचे कसब आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रकाशिकीच्या सुसज्ज प्रयोगशाळा उभाराव्यात, उद्योजकांनी पहिल्या अपयशाचा खर्च सोसावा आणि पालकांनी संगणकापलीकडे पाहणाऱ्या मुलामुलींना अडवू नये. पंचरत्नम् यांचा निबंध तीस वर्षे पडून राहिला. त्यावर उभी राहणारी विद्या तरी आपल्या हातून निसटू नये.